सहाशे खुर्च्या

२ फेब्रुवारी, सोमवार

झालं! मालकांनी मला शिकायला पाठवलं! या वयात! विषय काय, तर कामं दुसऱ्यावर कशी सोपवावीत. खुर्च्या-टेबलं भाड्यानं देण्यात माझे केस पांढरे झाले, आणि टायवाला एक पोरगा मला सांगतो, "सर, सोडायला शिका." स्वतः मात्र पडदा त्यानंच टांगला, वायरी त्यानंच जोडल्या, चहाचे कपही त्यानंच वाटले. तिथला शिपाई बिचारा दाराशी हात चोळत उभा.

पण गप्प बसून ऐकलं. मालकांनी बजावलंय, "बावीसपासून रजा हवी ना? आधी एक ऑर्डर तुमच्यावाचून पार पडू दे. नाहीतर विसरा."

हिला समुद्र बघायचाय. लग्नाला पंचवीस वर्षं होतील. दर वर्षी ठरतं, दर वर्षी वखार आडवी येते. यंदा हिनं तिकिटंच काढून ठेवलीत. "या वेळी नाही जमलं तर मी पुन्हा विचारणार नाही," म्हणाली. आवाज न चढवता. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला प्रयोग. परवा शाळेचं स्नेहसंमेलन, दोनशे खुर्च्या. पैलवानाला बोलावलं. पैलवान म्हणजे आमचा ड्रायव्हर, फुंकर मारली तर उडेल असा. म्हटलं, "सगळं तुझ्यावर. मी बघणारसुद्धा नाही." गडी एवढा खूश झाला, की त्याला जावई करून घेतोय असं वाटावं.

घरी ताटावर बसलो आणि मनात आलं, विसरला तर? मग टिपटॉपबाईंना फोन केला. या ऑफिस सांभाळतात, टेबलावरच्या टाचण्याही रांगेत लावतात. "बाई, शाळेची ऑर्डर तुमच्यावर. पैलवानाला बोलू नका, उगाच मन दुखायचं." आता कुठे जेवण गेलं.

उद्या हिला डोळे तपासायला जायचंय. म्हटलं, ताईला घेऊन जा. हिची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडूनच राहते. सोय आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शोभा झाली! पैलवानानं दोनशे खुर्च्या नेल्या. बाईंनी दुसरी गाडी लावून दोनशे पाठवल्या. आणि मला काही राहवेना, म्हणून पहाटेच मी स्वतः टेम्पोतून दोनशे टाकून आलो होतो. सहाशे!

मुख्याध्यापिका पायरीवर उभ्या. "साहेब, पालक दोनशे येणार आहेत. प्रत्येकानं तीन-तीन खुर्च्यांवर बसायचं का?"

तिकडे आजच लग्नाचीही ऑर्डर होती, त्या हॉलवर एक खुर्ची नाही. वखार रिकामी! नवरदेव उभा, सासरे उभे, आणि नवरदेवाचे काका उभ्या उभ्याच मालकांना फोनवर झापतायत.

पैलवान माझ्याकडे बघतच राहिला. "मला सांगितलं होतं ना, साहेब?" बाई टाचण्या लावत बसल्या. मान वर करायची लाज वाटली मला.

मालक म्हणाले, "शेवटची संधी. वीस तारखेची ऑर्डर. तुम्ही हॉलच्या आवारात दिसलात तर रजा रद्द."

८ फेब्रुवारी, रविवार

ही म्हणाली, "अहो, बॅग घ्यायला चला ना." मोडक्या खुर्च्या वेगळ्या काढायच्या होत्या. ताईला पाठवलं. लाल घेतली म्हणे. हॉटेल कुठलं, खोली कुठली, तेही दोघी बहिणींवरच सोडलंय. घरात मी कुणाच्या कामात नाक खुपसतच नाही! तो टायवाला आमच्याकडे आला तर टाळ्या वाजवेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

पैलवानाला वीस तारखेचं सांगितलं. एकट्याला. देवाशपथ एकट्याला! "नक्की ना, साहेब? का बाईंनाही विचारून येऊ?" चिमटा काढलाच मेल्यानं. गिळला.

१५ फेब्रुवारी, रविवार

जेवताना ही विचारत होती, "तिथे गेल्यावर आपण बोलायचं काय हो?" काय प्रश्न! म्हटलं, सुचेल काहीतरी. तेवढ्यात वखारीतून फोन आला. बोलून परत आलो तर माझं ताट झाकून ही झोपायला गेलेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आवारात दिसायचं नव्हतं ना? हॉलच्या समोर न्हाव्याचं दुकान आहे. आरशात हॉलचं दार दिसतं. तोंडभर फेस लावून बसलो, ओळखतोय कोण! दाढी झाली. म्हटलं, परत कर. "साहेब, आता कातडं निघेल," न्हावी म्हणाला.

पैलवानाला किती फोन केले देव जाणे. शेवटी ओरडला, "साहेब, फोन कानाला धरू की खुर्ची उचलू?"

मग नाही केला. हाताखाली फोन दाबून बसलो.

रांगा सुतात! आणि दाराशी म्हाताऱ्यांसाठी चार हातवाल्या खुर्च्या वेगळ्या मांडल्या पठ्ठ्यानं. मला कधी सुचलं नव्हतं. वाईट वाटलं. मग बरं वाटलं. मग परत वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

रजा मंजूर!! मालकांनी हात मिळवला. "शिकलात बुवा!" म्हणाले. बाईसुद्धा हसल्या.

हिला आज सांगत नाही. उद्या सकाळी किल्ल्या पैलवानाकडे देतो आणि ऐन वेळी समोर उभा राहून थक्क करतो. माझे कपडे काय, ही भरेलच.

२२ फेब्रुवारी, रविवार

दाराशी लाल बॅग. शेजारी ताईची.

"तुमचं तिकीट रद्द केलं, ताईचं काढलं," ही म्हणाली. "मागच्याच आठवड्यात." मी म्हटलं, "अगं, पण मला रजा मिळाली!" तर चप्पल घालता घालता म्हणते, "डोळे तिच्याबरोबर, बाजार तिच्याबरोबर. सगळं तुम्हीच तर सोपवलंत तिच्यावर. मग समुद्र तेवढा कशाला ठेवायचा?"

रिक्षा गेली. घर खायला उठलं. वखारीत फोन लावला.

"साहेब, वखारीची काळजी सोडा," पैलवान म्हणाला. "वहिनींना समुद्र दाखवा निवांत. इथे तुमच्यावाचून काही अडत नाही."