तेरड्याचे पाय

१० ऑगस्ट
फुलला! गुलाबी, रानातला तेरडा. पंपरूममागच्या पट्टीत पाच रोपं. बी दिलं तिसऱ्या मजल्यावरच्या यमुनाकाकूंनी – त्यांच्या माहेरचं, चांदीपच्या उतारावरचं. तो उतार आता जेसीबीने सपाट केलाय. म्हणजे तिथले हे शेवटचे पाच.

१४ ऑगस्ट
शेजारी गोखिवऱ्याच्या नर्सरीतले 'बाल्सम' लावले – बागेतला तेरडा. गच्च पाकळ्या, फोटोत भारी. पण रानातल्याची मजा वेगळी यार! फुलामागे बारीक वाकडी शेपटी. खोड इतकं रसाळ की उन्हात आरपार दिसतं. रोज त्याच्यावर एक वाक्य लिहितेय. शेवटचं वाक्य शेंग फुटेल त्या दिवशी – पिकली की हात लावायचा अवकाश, टिच्! बिया उडतात.

२२ ऑगस्ट
शेंगा फुगल्यात. अजून हिरव्या. थांब!

३० ऑगस्ट
काकू खाली आल्या. "उद्या गौर आनायची, आमच्यात तेरड्याचीच. माझं रान गेलं, गुडघे पन गेले. तुझ्यातली दे."
मी नर्सरीवाले दाखवले.
"ह्या? ह्या नटलेल्या करवल्या गं. गौर रानातलीच लागते."

३१ ऑगस्ट
हुशारी केली. तीन रोपं वरून कापली, दोन बियांसाठी राखली. जुडी घेऊन वर गेले. काकूंनी जुडी उलटी करून पाहिली.
"पाय कुठेत?"
"कोणाचे?"
"गौरीचे! मुळं म्हंजे तिचे पाय. तू कापलेस? मग घरात चालत येईल कशी ती?"
ओरडल्या नाहीत. तेच जास्त लागलं.
खाली गेले. राखलेली दोन्ही उपटली, मुळांसकट. काकूंनी मुळं धुतली, हळदकुंकू लावलं, गौर मलाच उंबऱ्यातून आत आणायला लावली. मुळं ओली, गार – खरंच कोणाचे तरी पाय धरल्यासारखी. दोन वर्षं झाडांवर लिहितेय. हे सुचलं नव्हतं.

२ सप्टेंबर
विसर्जन. पट्टीत तीन खुंट, दोन खड्डे. बी नाही, शेवटचं वाक्यही नाही. करवल्या मजेत.

४ सप्टेंबर
काकूंनी कुंकवाचा करंडा उघडला. आत सतरा बिया! आरतीत टाळ्या वाजत होत्या तेव्हा पाटावर शेंगा फुटत होत्या – मी तिथेच उभी, मला ऐकूच आलं नाही.
हात पुढे केला.
"तुला नाय. तू पाय कापतेस. जूनमधे मी लावनार, तू पानी घाल."