मागच्या अंगणातला पाचोळा आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, मातीपरीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवत आहे. दबाव आणायला घरात कोणी उरलेलंच नाही.

१. राहतं घर धाकट्या भावाला. अट एकच: मागे रानाला लागून असलेल्या अंगणातला पाचोळा कधीही झाडू नये. तिथे वर कोरडी पानं, खाली ओला थर आणि बोटभर खाली काळी माती आहे. ती बुरशीने केली आहे. भावाला केराचा तिटकारा, म्हणून हे लेखी.

२. सूक्ष्मदर्शक भाचीला. बुरशी म्हटलं की ती नाक मुरडते. एकदा पाहिल्यावर मुरडणार नाही.

३. आमच्या विभागाच्या साहेबांना काहीही नाही. बुरशीला पोट नसतं. ती आपली विकरं, म्हणजे पचवणारी रसायनं, बाहेर सोडते, पान जागच्या जागी पचवते आणि तयार रस शोषून घेते. साहेबांनी माझे तीन अहवाल याच पद्धतीने स्वतःचे केले. बुरशी निदान विकरं तरी स्वतःची वापरते.

४. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

एकोणीस वर्षांपूर्वी भाऊ याच घरात राहत होता. जाळीच्या चाळीस पिशव्यांत मोजून पानं भरून मी त्या पाचोळ्याखाली पुरल्या होत्या. किती काळात किती कुजतं, ते पाहायचं होतं. दोन वर्षांनी भावाने अंगण साफ केलं आणि पिशव्यांसकट सगळं पेटवून दिलं. मी त्याला नाही नाही ते बोलले आणि नंतर बोलणंच टाकलं. तो घर सोडून गेला.

आठवडाभराने कोपऱ्यात जळण्यातून वाचलेल्या तीन पिशव्या सापडल्या. दोन वर्षं मातीत राहूनही पानं जवळपास जशीच्या तशी. मग आठवलं. कपाटात पिशव्यांना बुरशी लागली होती, म्हणून पुरण्याआधी मी त्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवल्या होत्या. बुरशीचं काम मोजायला निघालेल्या मी बुरशीलाच विष घातलं होतं. प्रयोग जळण्याआधीच वाया गेला होता. हे मी कोणालाही सांगितलं नाही. मला लाज वाटते.

५. (साक्षीदारांसमोर वाढवलेलं.) वरचं वाचून दाखवल्यावर साक्षीला आलेल्या दंतवैद्यबाई म्हणाल्या, "बाई, हे त्यांना तुम्ही गेल्यावर कळणार? फोन कुठे आहे तुमचा?" त्यांनी नंबर लावून माझ्या हातात दिला. मी कलम चार तसंच्या तसं वाचलं.

भाऊ म्हणाला, "माहीत होतं मला. तुझी ती निळी बादली कोणी घासली असं वाटतं तुला?"

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"बोलून काय? पेटवलं तर मीच होतं ना, ताई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच म्हणाला, "उद्या रविवार, येतो. अंगणाची काय दशा असेल, देव जाणे. झाडू आहे का घरात, की घेऊन येऊ?"

सबब, कलम एकमधली अट मी या सहीने रद्द करत आहे. त्याने खुशाल झाडावं. पानं पुन्हा पडतील.

सही: (लिहून देणारी)
साक्षीदार: १. शेजारच्या दंतवैद्यबाई २. कोपऱ्यावरचे शिंपी (चष्मा नसल्याने ऐकून सही केली)
ठिकाण: अंगणाकडची खोली
दिनांक: १४ मार्च, शनिवार