मी बेडूकच होणार

प्रिय दीपेश,

मेसेज केला असता तर तू त्यावर अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हे कागदावर. सावकाश वाच आणि मध्येच फोन करू नकोस. केलास तरी मी उचलणार नाही.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय. लग्नानंतर रविवारचा मुलांचा योगवर्ग बंद, आणि कुणा पालकाने नेटवर टाकलेला वर्गाचा तो व्हिडिओ आजच्या आज काढून टाकायला लावायचा. का, तर तो बघून तुझ्या आईंना फार वाईट वाटलं. होणारी सून कमरेला ओढणी बांधून समाजमंदिरात बेडकासारख्या उड्या मारते, शेवटी तोंडावर आपटते आणि पोरं खिदळतात, हे शहापुरात लोकांनी पाहिल्यावर आईंनी तोंड कुठे लपवायचं, असं तू लिहिलंस. खरं सांगते, मला घास गोड लागेना. आईंना कशाला दुखवा, म्हणून एका रविवारी मी वर्गाला कुलूपसुद्धा लावलं. तर पोरांची सगळी वरात माझ्या दारात! बाई आजारी आहेत का, म्हणून त्यातली चिमुरडी कुणाली माझं कपाळ चाचपून बघत होती. मग काय, अंगणातच वर्ग भरला.

कल्याणला एसटीने ये-जा करून मी योगाचं शिक्षण पुरं केलं, तेव्हा ऑफिसात पेढे तूच वाटले होतेस. पांढऱ्या कपड्यांत चटईवर शांत बसलेली काजल तुझ्या डोळ्यांसमोर असणार. अरे, पण सहा वर्षांच्या पोराला डोळे मिटून बस म्हटलं तर ते एक डोळा उघडून शेजारच्याला चिमटा काढतं. त्यालाच झाड हो म्हणायचं, आणि आपण वारा होऊन फुंकर मारत फिरायचं. मग बघ, एका पायावर कसं ताठ उभं राहतं ते. उंटासारखे वाका म्हटलं तर जगन विचारतो, बाई, मुरबाडला उंट कुठे? म्हणून आमच्याकडे उंट नाही, आवणी आहे. कमरेत वाकायचं, हात जमिनीला लावायचे आणि भाताची रोपं लावल्यासारखं मागे मागे सरकायचं. सगळ्यात लाडका खेळ धरणाचा. मोठ्यांनी हातपाय टेकून कंबर वर करायची, म्हणजे झाली भिंत. लहान पोरं खालून सरपटत जातात, ते पाणी. पाणी मुंबईला चाललं, असा गलका होतो नुसता. आणि ही कुणाली, घरात बापाचा आवाज चढला की कोपऱ्यात कान बंद करून मधमाशीसारखी गुणगुणत बसते. ते तिला मी शिकवलंय. सांग, कुठल्या तोंडाने बंद करू मी हे?

परवाच्या रविवारी तुझ्या आई अचानक आल्या. ब्लाउजचं माप न्यायचं होतं म्हणे. मी घरी नाही कळल्यावर थेट समाजमंदिरात. मी तेव्हा नेमकी धरणाच्या भिंतीत, डोकं खाली. पायांच्या मधून मला त्यांच्या चपला दिसल्या. आता सगळ्यांसमोर बोल लावणार, असं वाटलं. त्या मात्र भिंतीला टेकून बसल्या आणि पोरांबरोबर झाड व्हायला उठल्यासुद्धा. माझ्या खांद्याला धरून, पण एका पायावर. वर्ग सुटल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, आई, व्हिडिओचा राग आला असेल तर तोंडावर बोला, पण वर्ग मी सोडायची नाही.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "कंचा इडिओ गो? मला तं कोनी दाखवला पन नाय."

मग मी दाखवला. डोळ्यांना पदर लावून हसल्या, परत लाव म्हणाल्या. तुझा मेसेजही मी त्यांना वाचून दाखवला, हो, दाखवला. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. जीपमध्ये बसताना माझा हात सोडत नव्हत्या.

म्हणून हे पत्र. लाज तुला वाटली, दीपेश. ऑफिसातले हसले असतील, वाटली असेल, माणूस आहेस. तेवढं धड बोलला असतास तर मी भांडले असते, रडले असते आणि विसरलेही असते. पण ज्या बाईने तो व्हिडिओ पाहिलाच नव्हता, तिला तू माझी वाईट सासू करून ठेवलंस. उद्या आपलं काहीही बिनसलं की तू असाच तिच्या मागे लपणार. ते मला चालणार नाही. येत्या रविवारी सकाळी ये आणि 'मला लाज वाटते' असं माझ्या तोंडावर सांग. मग पुढचं दोघं मिळून ठरवू. आला नाहीस, तर सोमवारी अंगठी घेऊन मी शहापूरला येते. आईंच्या हातात देणार नाही, तुझ्याच हातात देईन.

अजून तरी तुझीच,
काजल