भिंगरीने पुरा केलेला तास

तीर्थरूप ताईस, आजवर तुझं एकही म्हणणं पुरतं न ऐकलेल्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? दवाखान्यात येणारी पोरं अजून तुझा स्टेथोस्कोप पळवतात का? इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुझ्या भाचीला, आमच्या भिंगरीला, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) आहे असं निदान करून तू गोळ्यांची चिठ्ठी दिलीस. गोळीच्या जोडीला पळणं, खेळणं, ठरलेल्या वेळा आणि तुकड्यातुकड्याने अभ्यास हेही हवं, असं बजावलंस. मी तुझ्या वाक्याचा पळण्या-खेळण्याचा अर्धा भाग उचलला आणि गोळीचा सोडून दिला (वक्ते असेच जगतात). त्याच आठवड्यात वाचनालयाच्या सभागृहात माझं व्याख्यान होतं, ‘औषधाविना अवधान’. बोलता बोलता रंग चढला, मी खिशातून तुझी चिठ्ठी काढली आणि व्यासपीठावर टराटरा फाडली. टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेतल्या भिंगरीनेही वाजवल्या. चिठ्ठी आपली आहे, हे तिला ठाऊक होतं. त्याच भरात मी जाहीर केलं, की तीन महिन्यांनी हीच मुलगी याच खुर्चीत माझं तासाभराचं भाषण न हलता ऐकेल.

मग सुरू झाले प्रयोग. रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या (तिच्या चार, माझी दीड). त्याचा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू? पहिले दोन तास ती वर्गात बरी बसते, असं बाईंनी कळवलं. पण तिसऱ्या तासाचं काय, हे मी विचारलं नाही. साखर बंद केली. भिंगरी होती तशीच राहिली, चिडका मी झालो. दर दहा मिनिटांनी वाजणारं घड्याळ आणलं. आत कोण वाजवतं ते बघायला तिने ते उघडलं आणि पुन्हा जोडलं. दोन स्क्रू उरले, तरी ते चालतंय. डोळे मिटून श्वास मोजायला बसलो, तर मला झोप लागली आणि तेवढ्यात तिने माझी सगळी पुस्तकं रंगांप्रमाणे लावली. घरभर सूचनांचे कागद चिकटवले. तुझी भावजय म्हणाली, “भिंतीचा रंग कुठला होता तेवढं एका कागदावर लिहून ठेवा.” ताई, या सगळ्यात ती गणिताच्या वहीशी बसून रडायची आणि म्हणायची, “बाबा, मी मुद्दाम नाही हो करत.” मी तिला इच्छाशक्तीवर चार शब्द सांगायचो.

परवा तीन महिने भरले. सभागृह भरलेलं. भिंगरी तासभर हलली नाही. मी असा बोललो, की माझं मलाच भरून आलं. शेवटी मी तिला व्यासपीठावर बोलावलं. ती उठली आणि खुर्चीसकट तोंडावर पडली. लोक हसले. मीही हसलो (हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार?). जवळ जाऊन पाहिलं, तर तिने बुटांच्या नाड्यांनी दोन्ही घोटे खुर्चीच्या पायांना करकचून बांधले होते. माझ्या हातांना गाठी सुटेनात. तिच्या आईने सोडवल्या. घोट्यांवर लाल वळ उठले होते. ओठ फुटला होता, पण ती मलाच विचारत होती, “बाबा, तास पुरा झाला ना?”

गुडघ्याला जप. उत्तर लवकर लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. चिठ्ठी पुन्हा लिहून पाठव. सकाळचं पळणं मात्र चालूच राहील. त्या मुद्द्यावर मी हटणार नाही.

पुन्हा ता. क. वाचनालयाच्या मंडळाने तेच भाषण पुढच्या महिन्यात परत ठेवलंय. हो म्हणून बसलोय. आता उभं राहून काय सांगायचं, ते मी नाही, तू लिहून दे.

आणखी एक. पाकिटावर नाव भिंगरीचं घाल. ती शेजारी उभी आहे आणि लिहायला सांगते आहे, “आत्या, चिठ्ठी बाबांच्या हातात देऊ नको.”