लाल रेघेचा नट

२ फेब्रुवारी
पोचलो एकदाचा पेणला! रामवाडीतलं हे गॅरेज म्हणजे आपल्याला लॉटरीच. गोव्याकडे निघालेल्या भल्यामोठ्या टूरिंगच्या मोटारसायकली, दुसरं कायच नाय. मालक अब्दुलभाई दहा वर्षं दुबईत होते. तोंडानं तिखट, पण चहा दर तासाला पाजतात. पहिल्याच दिवशी बजावलं, नट कसून झाला की त्यावर आडवी रंगाची रेघ मारायची. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येक मेस्त्रीचा रंग वेगळा, रंग म्हणजे त्याची सही. मला पिवळा मिळाला. लाल आधीच्या मेस्त्रीचा, प्रणितचा. तो गेल्या वर्षी गडब गावाजवळ गाडीची ट्रायल मारताना गेला, तेव्हापासून लाल कुणी वापरत नाय. बायको, सावनी, अष्टमी गावात माहेरी आहे, दिवस भरत आलेत. कधीही बोलावलं तरी तासा-दीडतासात पोचेन, म्हणूनच तर ही नोकरी धरली.

९ फेब्रुवारी
आज भलताच घोळ झाला. माझा पिवळा मार्कर वाळलेला, म्हणून प्रणितच्या पेटीतला लाल घेतला. एका गाडीच्या मागच्या एक्सलच्या नटावर आधी रेघ मारून ठेवली, कसू नंतर म्हटलं. तेवढ्यात सावनीचा फोन, पोटात दुखतंय म्हणाली. मी बोलत बाहेर गेलो. परत येतो तर गिऱ्हाईक रेघ बघून गाडी घेऊन गेलेलं. गडबला चाक निखळलं, बिचाऱ्याचा पाय मोडला. अब्दुलभाईंनी नट माझ्यापुढे धरला. मी बेधडक म्हणालो, लाल रेघ हाय, प्रणितचंच जुनं काम असणार. मेलेला माणूस थोडाच भांडायला येतोय! त्यांनी नट खिशात टाकला. मला जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
दुसरी गाडी टेम्पोत घालून आणली. हिचाही तोच नट सैल, जागाही तीच, गडब. मी स्वतः कसलेला, पिवळी रेघ मारलेली, दोनदा बघितलेलं. आता रेघ लाल. लाल मार्कर तर मी परवाच खाडीत फेकला!

१४ फेब्रुवारी, सकाळ
कालपासून तीन गाड्या. तिन्ही लाल. अब्दुलभाई विचारतात, गोविंदा, मला कायतरी सांगायचं हाय का? नाय म्हणालो. सासूबाईंचा फोन आला, कळा सुरू झाल्यात. माझ्या गाडीचा नट कसला. निघतो.

दुपारी बारा, गडब
गाडी हलायला लागली. उतरून बघतो तर नट लाल. कसला. शंभर पावलांवर पुन्हा सैल. रंग ओला — गाडी सोडली. एसटी थांबली. पाय उचलला, आणि मागच्या चाकाचे सगळे नट लाल — नाय चढलो. रिक्षाचेही. सासूबाईंचा परत फोन, सावनी माझं नाव घेऊन ओरडतेय म्हणे. देवा, काय सांगू तिला?

एक
चालत निघालोय. अब्दुलभाईंना फोन करून रडत सांगितलं, ते काम माझं, प्रणितचं नाय. म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. मला कशाला सांगतोस, ज्याच्यावर ढकललंस त्याला सांग.
सांगितलं. रस्त्यात उभा राहून मोठ्यानं. तीनदा.

दीड
रस्त्याकडेला बसून सासूबाईंचा फोन घेतला. मुलगी झाली. आलोच म्हणालो.
उठता येत नाय. डाव्या गुडघ्यावर लाल रेघ — ओली — पुसली, जात नाय

उजव्यावरही. रेघ मधोमध तुटतेय. खालचा पाय फिरतोय — आई गं —

मनगटावर पण. पेन धरव