हुसेनच्या धुराचा बदला

३ फेब्रुवारी
माझी आयात सारखी डोळे मिचकावते, चोळते. शाळेत बाईंनीही टोकलं. कारण उघड आहे. शेजारचा हुसेन आंब्याखालचा पातेरा, सगळी वाळकी पानं, जाळतो. मी एकदा बघितलंय, पुरे झालं. माझ्या आठ वर्षांच्या पोरीचे डोळे जाळले त्याने. सोडणार नाही. आफरीन म्हणते, आधी डॉक्टरला दाखवू. बायकोला मूळ दिसत नाही.

६ फेब्रुवारी
पुरावा हवा. गच्चीवर कॅमेरा बसवला, तोंड हुसेनच्या अंगणाकडे. चित्र घरातल्या मोबाइलवर येतं. मी दिवसभर दुकानात, म्हणून शाळेतून आल्यावर पाळत आयातकडे. धूर नको म्हणून खिडक्या बंद, एसी फुल, खुर्ची बरोबर एसीसमोर. बाप असावा तर असा.

११ फेब्रुवारी
डोळे लाल. संध्याकाळी पाणी वाहतं. म्हणजे हरामखोर चोरून जाळतोय. आयातला बजावलं, पापणी लवू द्यायची नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळ
हुसेनला गाठलं. ग्रामपंचायतीत खेचीन म्हटलं. तो म्हणाला, पोरीला आधी दाखव, गाडी काढतो. गाडीचा तोरा मला दाखवतो! साफ नाही म्हटलं.
आफरीन ऐकेना, आयातला घेऊन डॉक्टरकडे निघालो, तर माझी स्कूटर सुरू झाली नाही. जयगडहून रत्नागिरीपर्यंत त्याच्या गाडीत मागे बसलो.

रात्री
डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळे कोरडे पडलेत. मला हसू आलं. पाणी तर वाहतंय. त्या म्हणाल्या, कोरड्या डोळ्यांची आग होते म्हणूनच पाणी सुटतं. स्क्रीनकडे टक लावली की मुलं पापण्या कमी मिटतात, वर एसीचा वारा. मी धुराचं काढलं. धुरानेही त्रास वाढतो म्हणाल्या. हुसेनकडे बघितलं. जिंकलो.
मग त्यांनी आयातला विचारलं, मोबाइलवर एवढं काय बघतेस?
"हुसेनचाचांचं अंगण. अब्बांनी सांगितलंय."
धूर दिसला का, मीच घाईने विचारलं.
"नाही. चाचा पातेरा खड्ड्यात टाकतात. खत करतात."
आफरीन माझ्याकडे बघत राहिली. हुसेन भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत बसला.

२२ फेब्रुवारी
कॅमेरा काढला. तात्पुरता. मोबाइल बंद, एसी बंद, पापण्यांवर कोमट शेक, डॉक्टरांनी दिलेले थेंब. लाली उतरतेय. मिचकावणंही कमी.
अडचण एकच. आयात माझ्या हातून थेंब घालून घेत नाही, तोंड फिरवते. हुसेनच्या पडवीत जाऊन मात्र निमूट आडवी होते. तो हळूच पापणी खाली ओढतो आणि थेंब बरोबर आत.
बदला घ्यायचाच आहे. वेळ बघून.
आज बाटलीचं झाकण धरून मी शेजारी उभा होतो. हुसेनने चहा विचारला. साखर जरा जास्त टाक म्हटलं.