बोटांचे सांधे

एनुगू, सोमवार

प्रिय अकु,

तुला खायला पाठवलेल्या ओक्पाच्या पुड्यांखाली हे पत्र दडवलंय. पिशवी तुझ्याच हातात द्यायची, असं बसवाल्याला दोनदा बजावलंय. फोनवरच बोलले असते, पण काल मी "तोंडाला काय लावतेस गं?" एवढं विचारलं आणि तुला एकदम ऐकूच येईनासं झालं. शिवाय होणाऱ्या सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तेव्हा न्हाणीघरात जा, कडी लाव आणि शेवटपर्यंत वाच. शुक्रवारी तू हनुवटीवर लेझर मारून घ्यायला निघाली आहेस, त्याच्या आत हे तुझ्या डोक्यात शिरलंच पाहिजे.

तुझी हौस मला कळते गं. सतराव्या वर्षापासून पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, आरशाच्या फुटक्या तुकड्यासमोर ब्लेड फिरवायचीस. आई म्हणायची, "दाढीवाल्या बाईमागून पैसा चालत येतो," आणि तू म्हणायचीस, "मग माझा पैसा रस्ता चुकला वाटतं!" तीन आठवड्यांनी लग्नात, रीतीप्रमाणे ताडीचा पेला घेऊन गर्दीत नवऱ्याला शोधत फिरशील, तेव्हा चारशे माणसं तुझ्या तोंडाकडे टक लावून बघतील. त्यांना खुंट दिसू नयेत, एवढंच तुझं मागणं. त्यात वावगं काहीच नाही. लेझरही वाईट नाही. सहा वर्षं मी स्वतः ते यंत्र चालवलं, कितीतरी बायका माझे हात धरून रडल्या, आनंदाने.

मग सोडलं का? पाठ दुखते म्हणून, असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. माझ्या पाठीला काहीसुद्धा झालेलं नाही.

ओगेची नावाची मुलगी आली होती. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच लग्न ठरलेली. सोबत होणारी सासू, ती थेट खोलीत खुर्ची ओढून बसली आणि सुरू झाली, "आमच्या घरात क्रीम फासणाऱ्या बायका नाहीत बाई! तोंड फँटा नि पाय कोका-कोला, असली सोंगं आम्हाला नकोत." आता आमचा नियम असा की यंत्र हातात घेण्याआधी विचारायचं, रंग उजळायचं काही लावता का? त्या क्रीमने कातडी पातळ होते, लेझरचा चटका तिला सोसत नाही. मी विचारलं. ओगेची सासूकडे बघून ठणकावून म्हणाली, "छे! देवाने दिलेला रंग आहे हा."

आणि मग तिने केस मागे घ्यायला हात वर केला. अकु, या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात, बाईच्या तोंडावर जाऊ नकोस, बोटांचे सांधे बघ. क्रीम सगळीकडे चालतं, तिथे हरतं. तिचे सांधे काळेभोर होते. मी बघितले. मी बघितले हे तिनेही बघितलं, आणि सांगू नकोस अशी नजर टाकली माझ्याकडे. थांबले असते तर सासूने "का?" विचारलं असतं. पोरीची अब्रू जाईल, म्हणून मी यंत्राचा जोर जरासा उतरवला, मनाची समजूत घातली आणि सुरू केलं. पाचव्या ठिणगीला ती कण्हली. मी म्हटलं, "सोस थोडं."

संध्याकाळपर्यंत हनुवटीभर फोड आले. फोड गेले, डाग राहिले, या कानापासून त्या कानापर्यंत. केसांची दाढी गेली आणि डागांची आली. पार्लरच्या मालकिणीने वहीत माझा प्रश्न आणि ओगेचीचं "नाही" बघितलं, तेव्हा दोष तिच्याच माथी गेला. मीही तोंड उघडलं नाही. लग्न मोडलं. आता ती ओग्बेते बाजारात कांदे विकते, ऐन उन्हात हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळून. ती दिसली की मी गल्ली बदलते. एकदा तिने मला हाक मारली, नावाने. मी थांबले नाही. लाज वाटते मला, अकु, अजून वाटते.

आता तुझं. साखरपुड्याचे फोटो बघून शेजारणी म्हणाल्या, "अगंबाई, अकुचा चेहरा कसा पिकल्या पपईसारखा झालाय!" मी चेहरा बघितलाच नाही. अंगठी दाखवायला तू बोटं पुढे केली होतीस ना, ती बघितली. सांधे आपल्या आईचे आहेत, जसेच्या तसे. आणि ओरडू तरी कुठल्या तोंडाने? तुझ्या पंधराव्या वाढदिवसाला त्या क्रीमची पहिली डबी मीच दिली होती. "जरा माणसात ये, कोळशे!" म्हणाले होते, पाहुण्यांसमोर. सगळे हसले, तूही हसलीस आणि रात्री डबी उघडलीस. आठ वर्षं झाली, मी एकदाही माफी मागितली नाही. आज मागते.

शुक्रवारी सासूबाई सोबत येणार, खुर्ची ओढून बसणार, हे मला ठाऊक आहे. यंत्रवाली विचारेल आणि तुझ्या तोंडून "नाही" निघेल, हेही. म्हणून हे पत्र. तुला खरं बोलता येत नसेल तर बोलू नकोस. फक्त तिथे खाटेवर आडवी होण्याआधी दोन्ही मुठी आवळ आणि यंत्रवालीच्या डोळ्यांसमोर धर. काम जाणणारी बाई असेल तर "आज यंत्र बिघडलंय" म्हणून तुम्हाला घरी पाठवेल. आणि बघूनही ती माझ्यासारखी यंत्र उचलायला लागली, तर उठून पळत सूट, सासू गेली खड्ड्यात! लग्नाच्या दिवशी पहाटे मी येते. हनुवटीवर ब्लेड मी फिरवीन, माझ्या हाताने, हळू.

तुझीच,
चुकलेली उजूताई